असंगत आणि वास्तववादी नाट्यदृष्टी : 'महानिर्वाण' व 'वाडा चिरेबंदी' यांची तुलना

प्रस्तावना :
वास्तववाद जीवनातील घटना कार्यकारणभावाच्या सूत्रात बांधून मांडतो. असंगतवादाच्या दृष्टीने ते सूत्रच तुटलेले असते. मराठीत वास्तववाद आपला आणि असंगतवाद मात्र उसना, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' (१९७४) आणि महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) यांच्या आधारे हे गृहीतक तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. दोन्ही नाटकांच्या केंद्रस्थानी कुटुंबप्रमुखाचा मृत्यू व त्यानंतरचे विधी असल्यामुळे ही तुलना अर्थपूर्ण ठरते.

वास्तववादी दृष्टी :
'वाडा चिरेबंदी'मध्ये विदर्भातील देशपांडे घराण्याचा ऱ्हास येतो. दिवसकार्याचा खर्च कसा भागवायचा, या प्रश्नातून भावाभावांतील ताण, खालावलेली सांपत्तिक स्थिती आणि घरातील स्त्रियांची कोंडी क्रमाक्रमाने उलगडते. दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर ही खरीखुरी वस्तूही आहे आणि ऱ्हासाची खूणही. येथे प्रत्येक दुःखाला सांगता येईल असे सामाजिक कारण आहे.

असंगत दृष्टी :
'महानिर्वाण'मध्ये मृत भाऊराव स्वतःच कीर्तन करतो आणि जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे, असा हट्ट धरतो. प्रेताचे बोलणे अशक्य आहे. भोवतालच्या चाळकऱ्यांचे वागणे मात्र पूर्ण ओळखीचे आहे. या विसंगतीतून हसू निर्माण होते आणि त्याच वेळी विधींचा पोकळपणा उघडा पडतो. येथे कारणांचा शोध नाही. अर्थ निघून गेल्यावरही आचार का उरतो, हा प्रश्न आहे.

उसनेपणाचा प्रश्न :
युरोपातील या प्रवाहाला मार्टिन एस्लिन यांच्या १९६१ मधील ग्रंथाने नाव दिले, हे खरे. परंतु मराठी रंगभूमीवरील वास्तववादाचा आरंभबिंदू मानले जाणारे 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) हे नाटकही नॉर्वेच्या ब्यर्नसन यांच्या नाटकावर आधारित होते. उलट आळेकरांनी निवडलेला कीर्तनाचा घाट अस्सल देशी आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीच्या परिसरात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

निष्कर्ष :
सारांश, या दोन दृष्टी परस्परविरोधी नसून एकाच समाजाला विचारलेले दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यामुळे कलाकृतीचे मूल्य तिच्या वादाच्या उगमावरून नव्हे, तर तिने विचारलेल्या प्रश्नाच्या खोलीवरून ठरविणे अधिक न्याय्य होय.