एका दाताची करामत

देवणी हे नाव महाराष्ट्राला बैलामुळे माहीत आहे. लातूर जिल्ह्यातला हा तालुका कर्नाटकच्या बिदर जिल्ह्याला लागून आहे आणि त्याच्या नावाने ओळखला जाणारा देवणी गोवंश वानेरा, बालंक्या आणि शेवेरा अशा तीन प्रकारांत आढळतो. काळ्या रानात ओझे ओढायला देवणी आणि वाटेने पळायला खिलार, हे इथल्या पशुपालकाला शिकवावे लागत नाही. मोटारगाडीलाही जोर आणि वेग यांत अशीच निवड करावी लागते. ही निवड मागच्या ॲक्सलच्या पोटात, तेलात बुडालेल्या दोन गिअरांच्या दातांवर ठरते. मेकॅनिक त्या जोडीला क्राऊन-पिनियन म्हणतात.

गाडी जुनी असेल, कमानपाटे वाढवून उंच केलेली असेल आणि तिला मोठे टायर बसवले असतील, तर या जोडीचा विचार पहिल्यांदा करायला हवा. बहुतेक वेळा तो सगळ्यात शेवटी होतो.

उंची कुठून मिळते?

सोयाबीनची रास रानातून बाहेर काढायची वेळ आणि परतीच्या पावसाची वेळ मराठवाड्यात अनेकदा एकच असते. भिजलेली काळी माती चाकाला चिकटते, चाकोऱ्या खोल होतात आणि गाडीचे पोट मधल्या उंचवट्यावर टेकते. म्हणून जुन्या पिकअपला किंवा जीपला पाटे वाढवून उचलण्याची कल्पना सुचते.

पण पाटे वाढवले की वर जाते ती चेसिस आणि तिच्यावरची बॉडी. ॲक्सलचा मधला फुगीर गोळा, म्हणजे डिफरेन्शियलचे हाऊसिंग, होते तिथेच राहते, आणि चाकोरीत सर्वांत आधी टेकते ते हेच. त्याला वर उचलायचे तर मोठ्या टायरखेरीज दुसरा साधा मार्ग नाही. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो, तर ३१ इंची टायरचा ७८७ मिलिमीटर. व्यास ८४ मिलिमीटरने वाढला, तरी हाऊसिंग वर येते त्याच्या निम्मे, म्हणजे ४२ मिलिमीटर. या चार सेंटिमीटरची किंमत क्राऊन-पिनियनला मोजावी लागते.

टायर वाढला की काय बिघडते?

क्राऊन-पिनियन तीन कामे करते. इंजिनाकडून लांबीत येणारी फिरत काटकोनात वळवून चाकांकडे देते, फिरण्याचा वेग कमी करते आणि त्याच प्रमाणात पीळ वाढवते. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० असतील, तर गुणोत्तर ४.१० होते. मागचा प्रॉपेलर शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरते.

आता अशी ४.१० ची एक जुनी पिकअप धरू आणि तिचा टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक आहे असे मानू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. मूळच्या टायरचा घेर २.२१ मीटर, म्हणून चाक मिनिटाला ४५२ फेऱ्या घेते आणि इंजिन सुमारे १८५५. टायर ३१ इंची केला की घेर २.४७ मीटर होतो, चाकाच्या फेऱ्या ४०४ वर येतात आणि इंजिनाच्या सुमारे १६६० वर. इंजिनाच्या फेऱ्या कमी झाल्या म्हणजे डिझेल वाचले, असे वाटते. पण चाकाच्या टोकाला जमिनीवर मिळणारा जोर जवळजवळ ११ टक्क्यांनी घटलेला असतो. परिणामी भरलेली गाडी चढाला टॉपमध्ये टिकत नाही, चालक सारखा खालचा गिअर टाकतो, चिखलात निघताना क्लच जास्त घासतो आणि वाचलेले डिझेल दुसऱ्या वाटेने जाते.

फसवणूक आणखी एका ठिकाणी होते. जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या किंवा (फोर बाय फोर गाडीत जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या) ट्रान्स्फर केसच्या बाजूने फिरते, चाकाने नव्हे. टायर मोठा झाला हे तिला कळत नाही. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६७ ने पळत असते.

दहाऐवजी नऊ

उत्तराचे गणित सोपे आहे. नव्या टायरच्या व्यासाला जुन्या व्यासाने भागायचे आणि येणाऱ्या आकड्याने मूळ गुणोत्तराला गुणायचे. ७८७ भागिले ७०३ म्हणजे १.१२, आणि ४.१० गुणिले १.१२ म्हणजे सुमारे ४.५९. आता क्राऊनचे दात ४१ च ठेवून पिनियनचे १० ऐवजी ९ करा. गुणोत्तर होते ४.५६. मोठ्या टायरने बिघडवलेला सगळा हिशेब पिनियनचा एक दात कमी करून जवळजवळ मूळपदावर येतो. ताशी ६० ला इंजिन पुन्हा १८४५ च्या आसपास फिरते, चढावरचा जोर परत मिळतो आणि स्पीडोमीटरही पुन्हा खरे बोलू लागतो.

आणखी एक दात कमी केला, म्हणजे ४१ ला ८, तर गुणोत्तर ५.१३ होते आणि इंजिन त्याच वेगाला २०७० च्या पुढे जाते. रानात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला हे मानवेल. उदगीर, लातूर किंवा भालकीच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीत मात्र आवाज, तापमान आणि डिझेल तिन्ही वाढतील. शिवाय दात कमी होतील तसा पिनियन लहान होतो आणि एका वेळी कमी दातांवर भार पडतो. म्हणजे जोर वाढवताना जोर देणारा भागच नाजूक होतो.

दात सरसकट ४० का नसतात?

४१ ला १०, ४१ ला ९, ४३ ला ८, ३९ ला ८. हे आकडे असे अडनिडे का, हा प्रश्न कुणालाही पडावा. ४० ला १० ठेवले तर हिशेब किती सोपा झाला असता! पण मग पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहिला असता. एका दातावर खरवड असेल तर ती त्याच चार जागी पुनःपुन्हा घासली गेली असती. ४१ आणि १० यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या सगळ्या ४१ दातांना भेटून झाल्यावरच पहिली जोडी पुन्हा जमते. झीज सगळ्यांत वाटली जाते आणि आवाजही कमी राहतो. शाळेत मसाविचा धडा गिरवताना तो पिकअपच्या ॲक्सलमध्ये उपयोगी पडेल, असे कुणी सांगितलेले नसते.

जीपने दिलेला धडा

जोर आणि वेग यांची ही अदलाबदल जीपच्या इतिहासात स्पष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपच्या ॲक्सलमध्ये ३९ ला ८, म्हणजे ४.८८ हे गुणोत्तर होते. १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी नागरी सीजे-२ए काढली, तेव्हा ते ४३ ला ८, म्हणजे ५.३८ केले आणि ट्रान्स्फर केसचा लो रेंज, म्हणजे जादा जोराचा टप्पाही, १.९७ वरून २.४६ वर नेला. पहिल्या गिअरमध्ये, लो रेंज लावून, लष्करी जीपच्या इंजिनाच्या सुमारे २६ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होत असे. शेतकऱ्याच्या जीपला त्यासाठी ३७ लागत. इंजिन त्याच घराण्यातले होते, पण नांगर ओढण्यासाठी गाडीचा स्वभाव दातांनी बदलला.

तीच वंशावळ भारतात आली. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे सीजे-३बी परवान्याने बनवली. महिंद्राच्या जीपांनी पुढे खेडोपाडी वडापची वाहतूक केली.

दातांचा आकार आणि तेल

सरळ दातांचे गिअर कर्कश वाजतात. म्हणून अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९१३ मध्ये सर्पिल दातांचे बेव्हेल गिअर वापरले आणि १९२६ मध्ये हायपॉइड जोडी आणली. तिच्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसतो, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली येतो आणि गाडीचा तळ खालच्या पातळीवर ठेवता येतो. पण हायपॉइडचे दात लोळतात तसेच एकमेकांवर घसरतातही, तेही प्रचंड दाबाखाली. साधे तेल तिथे टिकत नाही. म्हणून डिफरेन्शियलसाठी जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल सांगितलेले असते. गिअरबॉक्समध्ये मात्र कोणते तेल घालायचे ते त्याच्या पुस्तिकेतच पाहावे, कारण काही जुन्या गिअरबॉक्समधील पितळी भागांना जीएल-५ मानवत नाही.

बदलण्यापूर्वी

आपल्या गाडीचे गुणोत्तर कळण्यासाठी हाऊसिंग उघडावे लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचा ॲक्सल स्टँडवर भक्कम टेकवा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करा. एक चाक घट्ट धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवा. शाफ्टच्या जितक्या फेऱ्या होतील, तेच गुणोत्तर. एका चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक, ही डिफरेन्शियलची करामत इथे डोळ्यांनी दिसते.

खरेदी करताना क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एकाचा क्राऊन दुसऱ्याच्या पिनियनशी जमत नाही. काही ॲक्सलमध्ये गुणोत्तर फार बदलले तर क्राऊन ज्यावर बसतो तो केसही बदलावा लागतो. बसवताना शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण आणि दातांमधली सैल जागा जुळवावी लागते. ही जागा अनेक ॲक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर ठेवतात. शेवटी दातांना रंग लावून ठसा पाहतात. तो दाताच्या मधोमध उमटायला हवा. ठसा न पाहता झाकण बसवलेली जोडी थोड्याच दिवसांत गुणगुणू लागते.

फोर बाय फोर गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल दोन्ही एकाच गुणोत्तराचे हवेत. पुढे ४.१० आणि मागे ४.५६ ठेवून फोर व्हील लावले तर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झुंजतात आणि जो भाग कमजोर असेल तो तुटतो.

गुणोत्तर बदलून सगळे सुधारत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मोठ्या चाकावर ब्रेकची पकड कमी पडते आणि पिनियनचा दात बदलून ती परत येत नाही. उंचावलेला गुरुत्वमध्य वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढवतो. पाटे वाढवल्याने प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याच्या सांध्यांतले क्रॉस झिजतात. कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून खर्च करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

देवणीकडच्या रस्त्यांवर आणि रानांत मिळून चालणाऱ्या जुन्या पिकअपसाठी सल्ला एवढाच: मूळ मापाचे, चांगल्या खाचांचे टायर पुरत असतील तर गाडी आहे तशी ठेवा. मोठे टायर घ्यायचेच असतील, तर टायर आणि क्राऊन-पिनियन यांचा खर्च एकत्र धरा, आणि गुणोत्तर मूळ हिशेबावर आणण्यापलीकडे नेऊ नका.