छातीत पुन्हा पुन्हा भरणारे पाणी

‘छातीत पाणी झालंय’ असे कळले की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो रास्तच असतो. पण क्षयाचे पाणी बहुधा औषधांनी ओसरते. फुप्फुसाचा कर्करोग पसरल्यावर साठलेले पाणी मात्र काढले तरी अनेकदा काही आठवड्यांतच पुन्हा भरते.

फुप्फुस आणि बरगड्यांच्या मध्ये दोन पातळ पडदे असतात. त्यांच्या फटीत निरोगी माणसातही दोन-तीन चमचे द्रव असतो. तो सतत पाझरतो आणि बाहेरच्या पडद्यातल्या सूक्ष्म छिद्रांवाटे निघून जातो. कर्करोगाच्या पेशी हा निचरा तुंबवतात, शिवाय केशवाहिन्या गळक्या करतात. मग लिटर-दोन लिटर पाणी साचते.

दम लागतो तो केवळ फुप्फुस दबल्यामुळे नव्हे. पाण्याच्या भाराने घुमटासारखे श्वासपटल खाली ढकलले जाते, कधी चक्क उलटे होते, आणि श्वास ओढण्याचे त्याचे बळ जाते. म्हणून थोडे पाणी काढल्यावरही रुग्णाला हायसे वाटते.

सोनोग्राफीत पाहून सुईने पाणी काढतात. एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबतात, कारण दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्यालाच सूज येऊ शकते. सगळे पाणी एकदाच काढून टाका, असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

पुन्हा भरणाऱ्या पाण्यावर मुख्यतः दोन उपाय आहेत. पहिला, नळीवाटे निर्जंतुक टाल्क सोडून दोन्ही पडदे चिकटवणे. फुप्फुस पुरते फुलत नसेल तर हा फारसा उपयोगी पडत नाही. दुसरा, त्वचेखालून मऊ नळी कायमची बसवणे आणि घरच्यांनीच बाटली जोडून पाणी काढणे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 106 रुग्णांच्या अभ्यासात दोन्हींनी दम सारखाच कमी झाला. टाल्कवाल्यांना मात्र सुरुवातीला साधारण चार दिवस रुग्णालयात काढावे लागले. नळीवाले बहुतेक त्याच दिवशी घरी गेले. नळीत जंतुसंसर्गाची जोखीम असते, ती स्वच्छतेने आटोक्यात राहते. माझ्या मते, आयुष्य मोजके उरले असताना घरी मिळालेल्या या दिवसांचे मोल फार मोठे आहे.

पाणी दुसऱ्यांदा भरले, तर पुढची सुई टोचण्याआधी डॉक्टरांना विचारा: फुप्फुस पूर्ण फुलते का, आणि आमच्या रुग्णाला टाल्क योग्य की नळी?