जुन्या वाड्यांतील भिंतींची घरगुती दुरुस्ती : चुना, माती आणि ओल

प्रस्तावना :

दगडी जोते, सागवानी खांब-तुळया आणि पांढऱ्या मातीच्या अथवा विटांच्या जाड भिंती ही देशावरील जुन्या घरांची ओळख होय. तालुक्याच्या गावांत अशी पुष्कळ घरे आजही राहती आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या भिंतींचे पोपडे सुटू लागतात, जमिनीलगतच्या हात-दोन हात भागाला लोणा लागतो आणि गिलावा हात लावताच भुरभुरतो. चुन्याचे काम जाणणारा गवंडी सहजी मिळत नाही. त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर गृहस्थ स्वतःच सिमेंटची गोणी आणि प्लास्टिक रंगाचा डबा आणून भिंत सारखी करून घेतो. सण नीट पार पडतो. परंतु दोन-तीन पावसाळ्यांत तोच भाग पूर्वीपेक्षा अधिक व्याप्तीने उखडतो. असे का होते आणि या दुरुस्तीची योग्य पद्धत कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) जुन्या भिंतीतील ओलीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) चुना व सिमेंट यांच्या गुणधर्मांतील भेद समजावून देणे.
३) घरच्या घरी करता येण्याजोग्या दुरुस्तीची पद्धत व तिच्या मर्यादा सांगणे.

जुनी भिंत आणि ओल :

आधुनिक बांधकामात ओल भिंतीत शिरूच नये, अशी योजना असते. जुन्या बांधकामाचे तत्त्व याहून निराळे आहे. जमिनीतील पाणी दगड-मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढणार आणि पावसाचा मारा भिंत काही प्रमाणात शोषून घेणार, हे त्यात गृहीतच धरलेले असते. आत शिरलेली ही ओल पृष्ठभागातून पुन्हा बाहेर पडावी, एवढीच अपेक्षा असते. मातीचा व चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने हे काम बिनबोभाट चालते.

पाण्याबरोबर जमिनीतील क्षारही भिंतीत येतात. पाणी उडून गेले की क्षारांचे स्फटिक बनतात आणि त्यांच्या दाबाने गिलाव्याचे कण सुटे होतात. यालाच लोणा लागणे असे म्हणतात. झिजणारा गिलावा या प्रक्रियेत एका अर्थी भिंतीचे रक्षणच करीत असतो. तो काही वर्षांनी बदलता येतो. मूळ भिंत बदलता येत नाही.

चुना आणि सिमेंट :

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली असता तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना, म्हणजेच कॅल्शियम ऑक्साइड, उरतो. तो पाण्यात विरवला की मोठी उष्णता बाहेर पडून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. भिंतीवर लावल्यानंतर हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. म्हणजे भट्टीत गेलेली चुनखडी भिंतीवर पुन्हा चुनखडीच होते. ही क्रिया मंद असून तिला आठवडेच नव्हे, तर महिनेही लागतात. दमट जागी काम लवकर घट्ट व्हावे यासाठी चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळण्याची रीत होती. गिलाव्याला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात तंतू घालण्याची प्रथाही जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश आढळल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. सिमेंट झपाट्याने घट्ट होते आणि कठीण बनते. नव्या बांधकामात हे गुण मोलाचे असले, तरी मातीच्या भिंतीवर तेच दोष ठरतात. सिमेंटचा दाट गिलावा ओलीचा बाहेर पडण्याचा मार्ग बहुतांशी अडवतो. अडलेली ओल भिंतीत अधिक उंच चढते, आतली माती मऊ पडते आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोके कुजू लागतात. शिवाय मऊ भिंत व कठीण गिलावा यांचे उन्हा-थंडीत होणारे प्रसरण-आकुंचन सारखे नसते. त्यामुळे दोहोंमध्ये पोकळी निर्माण होते आणि अखेरीस गिलावा भिंतीचा काही भाग सोबत घेऊनच खाली येतो. बाहेरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून पोखरली गेली आहे, हे तोवर ध्यानात येत नाही.

प्लास्टिक रंगाची अडचणही हीच आहे. दिवाळीपूर्वी घर रंगविण्याची चाल चुन्याच्या सफेदीच्या काळात पडली. सफेदी सच्छिद्र असल्याने तिच्याखालची भिंत पुढेही वाळत राही. चाल तीच राहिली आणि रंग मात्र बदलला. पावसाळ्याची ओल भिंतीत असतानाच तिच्यावर रंगाचा पापुद्रा चढतो. पुढे फुगे धरतात ते यामुळेच.

दुरुस्तीपूर्व तपासणी :

दुरुस्तीचा आरंभ भिंतीपासून नव्हे, तर पाण्यापासून करावा. फुटलेली कौले, गळकी पन्हळ, भिंतीलगत साचणारे सांडपाणी आणि जोत्यावर चढलेला मातीचा भराव या गोष्टी आधी दूर कराव्यात. पुष्कळदा एवढ्यानेच ओल निम्म्यावर येते.

ओल बाहेरून येते की हवेतील बाष्पाची आहे, हे ठरविण्यासाठी प्लास्टिकच्या कागदाचा चौकोनी तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून दोन-तीन दिवस ठेवावा. पाण्याचे थेंब आतल्या बाजूस दिसल्यास ओल भिंतीतील असते. बाहेरच्या बाजूस दिसल्यास ती खोलीतील बाष्पाची असून मोकळी हवा खेळती ठेवणे, हाच तिच्यावरील उपाय होय. गिलावा बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. जेथे आवाज पोकळ येतो तेवढाच भाग काढावा. घट्ट असलेल्या जुन्या गिलाव्यास हात लावू नये. भेगांच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे भेग वाढते आहे किंवा नाही हे समजते.

दुरुस्तीची पद्धत :

पावसाळी ओल पुरेशी उतरल्यावर, साधारणतः दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, हे काम करावे. सैल भाग काढून क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत व ती धूळ गोळा करून घराबाहेर टाकावी. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीतच मुरतात.

मातीच्या भिंतीला गिलावाही मातीचाच द्यावा. चाळलेली माती, गव्हाचा भुसा व शेण पाण्यात कालवून काही दिवस मुरू द्यावे. भिंतीवर पाणी शिंपडून हा चिखल पातळ थरांनी लावावा. विटांच्या भिंतीसाठी एक भाग चुना व तीन भाग धुतलेली जाड वाळू हे प्रमाण सामान्यतः योग्य ठरते. बाजारातील पुडीचा चुना ताजा घेऊन किमान एक दिवस पाण्यात भिजवावा. प्रत्येक थर बोटभर जाडीपेक्षा कमी ठेवावा आणि आधीचा थर घट्ट झाल्यावरच पुढचा द्यावा. आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकून काम उन्हापासून जपावे. घाईने वाळलेला चुना भुसभुशीत राहतो.

शेवटी दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन-चार हात द्यावेत. त्यात थोडा डिंक घातल्यास चुना अंगाला लागत नाही. किंचित नीळ घातल्यास शुभ्रपणा खुलतो.

लाकूड आणि फरशी :

सागवानी खांबांवरील रंग काढून त्यांना बेलतेलाचे पातळ हात देणे पुरेसे असते. मात्र तेलाने भिजलेली फडकी ढिगाने ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती एकेरी पसरून उघड्यावर वाळवावीत. शहाबादी फरशी मुळात चुनखडीचीच असल्याने तिचे डाग ॲसिडने काढू नयेत. ॲसिड डागाबरोबर दगडही खाते.

दक्षता व मर्यादा :

कळीचा चुना घरी विरवू नये. त्याची उष्णता व दाहकता धोकादायक असते. भिजवलेला चुनाही डोळ्यांस इजा करतो, म्हणून चष्मा व हातमोजे वापरावेत. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचे थर कोरडे घासू नयेत. ओले करून खरवडावेत व मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

वाढती तिरपी भेग, पोट काढलेली भिंत, वाळवी लागलेली वा टोकाशी कुजलेली तुळई ही घरगुती दुरुस्तीची क्षेत्रे नव्हेत. तेथे स्थापत्य अभियंत्याचाच सल्ला घ्यावा. भिंतीवर पूर्वीच सिमेंट चढले असेल, तर ते सरसकट ठोकून काढू नये. सुटलेले तेवढेच अलगद काढावे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की दुरुस्तीचे साहित्य मूळ भिंतीपेक्षा अधिक कठीण वा अधिक दाट नसावे. चुन्याची वा मातीची दुरुस्ती कायमची नसते. काही वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. सिमेंटची भुरळ पडते ती या कष्टातून कायमची सुटका होईल या आशेने, आणि वाड्यांचे नुकसानही त्या आशेपोटीच होते. दरवर्षी भिंतीकडे पाहणे, पोपडे झाडणे आणि चुन्याचा हात देणे हा पूर्वी घराच्या वहिवाटीचाच भाग होता. ती वहिवाट पुन्हा अंगवळणी पडल्यास गृहस्थाच्या आवाक्यातील खर्चात ही घरे आणखी एक-दोन पिढ्या सुखाने नांदती राहू शकतील.