सूर पोहोचले, नावे मागे राहिली

१९३९ साली जोहान्सबर्गमधल्या गॅलो कंपनीच्या स्टुडिओत सॉलोमन लिंडा आणि त्यांच्या ‘इव्हनिंग बर्ड्स’ या गायकसंघाने ‘म्बुबे’ हे झुलू गाणे ध्वनिमुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. तिसऱ्या खेपेला, साथीदारांचा खर्ज एकाच लयीत घुमत असताना, लिंडांनी ऐनवेळी सुचलेली एक सुरावट उंच आवाजात घेतली. गाण्याचे हक्क त्यांनी १० शिलिंगांना देऊन टाकले. पुढे ती तबकडी अमेरिकेत लोकगायक पीट सीगर यांच्या हाती पडली. ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’, हा शब्द त्यांना ‘विमोवे’ असा ऐकू आला आणि त्यांच्या ‘वीव्हर्स’ या गायकसंघाने गाणे त्याच नावाने गाजवले. १९६१ साली ‘टोकन्स’च्या ‘द लायन स्लीप्स टुनाइट’मध्ये लिंडांची ती ऐनवेळची सुरावटच मुख्य चाल झाली. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत वारले. १९९४ च्या ‘द लायन किंग’मधून तीच चाल जगभरच्या मुलांच्या ओठी बसली. आफ्रिकेचे संगीत परदेशी पोहोचले की नाही, एवढेच विचारून भागत नाही, हे या एका गाण्यावरून कळते. गाण्याबरोबर गाणाऱ्याचे नाव, त्याचा वाटा आणि गाण्यामागचे जगणे पोहोचले, तरच ती देवाणघेवाण. नाहीतर ती नुसती ने-आण.

सीगर यांनी लिंडांना १००० डॉलर पाठवले होते. त्यांची भावना चांगली होती, पण चांगल्या भावनेवर पुढच्या पिढीचा हक्क उभा राहत नाही. त्यासाठी करार आणि कायदा लागतो. २००० साली दक्षिण आफ्रिकी पत्रकार रियान मालान यांनी ही हकीकत सविस्तर मांडली. त्यानंतर लिंडांच्या वारसांच्या बाजूने एक जुने कलम कामी आले. ब्रिटिश साम्राज्याच्या १९११ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, लेखकाने हयातीत हक्क विकले असले तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परतत असत. त्या आधारावर २००४ मध्ये दावा झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन लिंडांचे नाव व त्यांच्या मुलींचा वाटा मान्य झाला. लिंडांच्या मृत्यूला तोवर ४३ वर्षे झाली होती.

यावर पहिला आक्षेप असा की परंपरेतले संगीत सगळ्यांचे असते, त्याला मालक कसला? पण ‘म्बुबे’ला रचनाकार होता, ‘लोकगीत’ हा शिक्का बसल्यामुळेच तो दिसेनासा झाला. आणि जिथे एकच रचनाकार खरोखर सांगता येत नाही, तिथेही परंपरा सांभाळणारी माणसे असतातच. गुजरातमधले सिद्दी भोपळा बांधलेले मलुंगा हे धनुष्यासारखे वाद्य वाजवतात. ते आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे देणे आहे. ते पहिल्यांदा कोणी बनवले हे कोणालाच सांगता येणार नाही. पण ते कोणाचे आहे, हे निश्चित सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाहेरच्या नामवंतांनी हात दिला नसता, तर हे संगीत जगाने ऐकलेच नसते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र हात कसा दिला, यावर सगळे अवलंबून आहे. अमेरिकी गायक हॅरी बेलाफोंटे यांनी दक्षिण आफ्रिकी गायिका मिरियम मकेबा यांना अमेरिकेत पुढे आणले ते स्वतःच्या बरोबरीने. १९६६ चा ग्रॅमी दोघांच्या नावावर आहे. अमेरिकी गायक पॉल सायमन यांच्या १९८६ च्या ‘ग्रेसलँड’ या अल्बमवर वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरील सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याची टीका झाली, आणि ती गंभीरच होती. तरीही त्यातल्या ‘होमलेस’ गाण्याचे सहरचनाकार म्हणून जोसेफ शाबालाला यांचे नाव आहे. त्यांचा ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ हा संघ गातो ती इसिकाथामिया शैली घरापासून दूर, वसतिगृहांत राहणाऱ्या झुलू कामगारांनी घडवली. वाद्यांविना केवळ पुरुषांचे आवाज आणि चवड्यांवर अलगद टाकलेली पावले, एवढाच तिचा संसार. ‘ग्रेसलँड’नंतर हा संघ स्वतःच्या नावाने जगभर गाऊ लागला. मध्यस्थ बाजूला झाल्यावरही कलाकार उभा राहतो का, हीच मध्यस्थाची कसोटी.

तिसरा आक्षेप शुद्धतेचा: अस्सल आफ्रिका जुन्या वाद्यांत, नवे ते पाश्चात्त्य अनुकरण. १९८७ साली लंडनमध्ये काही ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दुकानातल्या फळीसाठी ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव ठरवले. विक्री सोपी झाली, पण निरनिराळ्या परंपरा एका ढिगात पडल्या. आणि जुने वाद्य म्हणजे जुनेच संगीत, असेही नाही. मालीतले कोरा हे वाद्य पाहा. भल्यामोठ्या भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर गाईचे कातडे ताणलेले, २१ तारा, आणि त्या छेडायला दोन अंगठे व दोन तर्जन्या. तुमानी दियाबाते आणि बालाके सिसोको यांनी १९९९ च्या ‘न्यू एन्शंट स्ट्रिंग्ज’मध्ये आपल्या वडिलांच्या पिढीच्या कोरा-वादनाला मुजरा केला, आणि तो करताना नवे वाजवले. घराणे असेच जिवंत राहते. हे मराठी रसिकाला समजावून सांगायला नको. २०२४ मध्ये ग्रॅमीने प्रथमच आफ्रिकी संगीतासाठी वेगळा पुरस्कार दिला आणि तो जोहान्सबर्गच्याच टायलाला ‘वॉटर’ या गाण्यासाठी मिळाला. लिंडांच्या शहरातली गायिका स्वतःच्या नावाने जगासमोर आली.

म्हणून ऐकणाऱ्यावरही थोडी जबाबदारी येते. आफ्रिकेतले एखादे गाणे आवडले, तर ते कोणाचे, कुठल्या भाषेतले, हे शोधावे आणि दुसऱ्याला ऐकवताना नावासकट ऐकवावे. ‘म्बुबे’ सॉलोमन लिंडांचे आहे, एवढे तरी आपण सांगू लागू या.