दीर्घिकांचा बाह्य प्रदेश

दीर्घिकेच्या तेजस्वी भागापलीकडे पसरलेला, विरळ तारे व वायू यांचा अतिमंद प्रदेश. सामान्य छायाचित्रात दीर्घिकेला जी कड दिसते ती तिची खरी कड नसून छायाचित्रणाची मर्यादा होय.

चंद्रविरहित रात्रीचे आकाशही पूर्णपणे काळे नसते. त्याच्या एका चौरस विकलेची प्रत सु. २२ असते. बाह्य प्रदेशाची प्रत २७ किंवा त्याहूनही मंद असल्याने त्याचा प्रकाश आकाशाच्या उजेडाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरतो. म्हणून आकाशाचा उजेड काटेकोरपणे वजा करावा लागतो. शिवाय दूरदर्शकातच विखुरलेला प्रकाश दीर्घिकेचा समजला जाण्याचा धोका असतो तो वेगळाच. डेव्हिड मॅलिन व डेव्हिड कार्टर यांना १९८० मध्ये, मंद तपशील उठावदार केलेल्या छायाचित्रांत, काही विवृत्ताकार दीर्घिकांभोवती प्रचंड कवचे आढळली. लहान दीर्घिका सामावून घेतल्याच्या त्या खुणा असाव्यात असे मानतात.

वायूचा मागोवा अधिक दूरवर घेता येतो. उदासीन हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा प्रोटॉनाच्या सापेक्ष उलटली म्हणजे २१ सेंमी. तरंगलांबीचे रेडिओ प्रारण बाहेर पडते. एका अणूत ही घटना आपोआप घडण्यास सरासरीने सु. १ कोटी वर्षे लागतात. परंतु अणूंची संख्या अफाट असल्याने प्रारण सतत मिळत राहते. व्हान डे हल्स्ट यांनी १९४४ मध्ये वर्तविलेले हे प्रारण यूएन व पर्सेल यांनी १९५१ मध्ये प्रत्यक्ष ओळखले. खोडद (जि. पुणे) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाने बेगम, चेंगलूर व काराचेन्त्सेव्ह यांनी एनजीसी ३७४१ या खुज्या दीर्घिकेचे वेध घेतले (२००५). तिची वायुचकती दृश्य भागाच्या (होल्मबर्ग) त्रिज्येच्या सु. ८.३ पट अंतरापर्यंत पसरलेली आढळली.

या वायूचे खरे महत्त्व त्याच्या वेगात आहे. वस्तुमान प्रकाशाबरोबरच संपत असते, तर सूर्यापासून दूरच्या ग्रहांप्रमाणे बाहेरच्या वायूचा परिभ्रमण वेगही घटत गेला असता. देवयानी दीर्घिकेत तो घटत नाही, असे रॉबर्ट्‌स व व्हाइटहर्स्ट यांनी १९७५ मध्ये दाखविले. इतर अनेक सर्पिल दीर्घिकांतही पुढे तेच आढळले. त्यावरून अदृश्य द्रव्याचे अस्तित्व बहुतेक ज्योतिर्विद मान्य करतात. गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलावा, हे मिलग्रोम यांचे मत (१९८३) अल्पसंख्यांचे आहे.

एम ८३ या दीर्घिकेच्या दृश्य चकतीबाहेर दूरवर जंबुपार प्रारण देणारे तरुण तारे आढळले आहेत (२००५). इतक्या विरळ वायूत तारे कसे जन्मतात, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही.