गोदावरी खोऱ्यातील लुप्त महाकाय हत्ती : नांदूर मधमेश्वर येथील जीवाश्माच्या संदर्भात

प्रस्तावना

नांदूर मधमेश्वर हे नाव आज पक्षी अभयारण्यामुळे सर्वपरिचित आहे. निफाड तालुक्यातील या पाणथळ क्षेत्रास २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तथापि, पुराजीवशास्त्राच्या वाङ्मयात हे गाव त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीच नोंदले गेले होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील जी. ई. पिल्ग्रिम यांनी १९०५ साली येथील गोदावरीच्या गाळात मिळालेल्या एका लुप्त हत्तीच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले. जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापनात या नोंदीचा उल्लेख क्वचितच होतो.

दख्खनच्या पठारावर प्राचीन महाकाय प्राण्यांचे अवशेष मिळावेत, हेच मुळात विशेष होय. येथील बेसाल्ट खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असून त्यात सस्तन प्राण्यांची हाडे मिळण्याची अपेक्षा नसते. डायनासोरसाठी याच गोदावरीने थेट सिरोंचा परिसरापर्यंत जावे लागते. 'बारापासॉरस' तेथील जुरासिक कालीन खडकांतून मिळाला. नाशिक परिसरात जे काही आहे ते नदीच्या गाळात आहे. गोटे, वाळू आणि चुनखडीचे कंकर यांचा घट्ट जमलेला थर, त्यावर पिवळसर गाळ व सर्वांत वर काळी माती, असा क्रम काठावरील दरडींत दिसतो. हाडे व दगडी हत्यारे प्रायः खालच्या गोट्यांच्या थरांत मिळतात.

नामदिकस हत्ती

या प्रजातीचे नामकरण फाल्कनर व कॉटली यांनी १८४६ मध्ये नर्मदेच्या नावावरून केले. आज ती 'पॅलिओलॉक्सोडॉन नामदिकस' या नावाने ओळखली जाते. वृत्तपत्रांतून अशा अवशेषांना सर्रास 'मॅमथ' म्हटले जाते, ते चुकीचे आहे. केसाळ मॅमथ हा उत्तरेकडील थंड प्रदेशाचा प्राणी होता. दख्खनशी त्याचा संबंध नाही. नामदिकसचे सुळे तुलनेने सरळ होते आणि कवटीच्या माथ्यावर कपाळाच्या दिशेने पुढे झुकलेला हाडांचा जाड कंगोरा होता. पिल्ग्रिम यांनी या हत्तीस युरोपातील सरळसुळ्या हत्तीचेच रूप मानले होते. आज दोन्ही प्रजाती सामान्यतः वेगळ्या धरल्या जात असल्या, तरी त्यांचे निकटचे नाते मान्य आहे. जर्मनीतील सरळसुळ्या हत्तीच्या हाडांतून मिळालेल्या डीएनएच्या २०१७ मधील अभ्यासात त्याची जवळीक आफ्रिकेतील वनहत्तीशी आढळली. त्यामुळे नामदिकस हा आपल्या आजच्या हत्तीचा पूर्वज होता, ही समजूत टिकत नाही.

त्याच्या आकाराविषयी मात्र सावधगिरी हवी. खांद्यापाशी ५.२ मीटर उंची व २२ टन वजन हे आकडे २०१६ मधील एका अभ्यासामुळे सर्वत्र उद्धृत होतात. परंतु त्यांचा आधार मांडीच्या हाडाचा एक अपूर्ण तुकडा आहे आणि खुद्द त्या अभ्यासकानेही तो अंदाजच मानला आहे. आजचा आशियाई नर सरासरी पावणेतीन मीटर उंच असतो. नामदिकस त्याहून पुष्कळ मोठा होता, एवढे निश्चित म्हणता येते.

सहचर आणि लोप

हा हत्ती एकटा नव्हता. प्रवरा-गोदावरी खोऱ्यात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या संशोधनात रानबैलाचे ('बॉस नामदिकस') जीवाश्म नोंदले गेले, तर मांजरा खोऱ्यातून हत्तीबरोबर पाणघोड्याचेही अवशेष मिळाले. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. पाणघोडा आणि शहामृग! बारमाही डोह आणि उघडी गवताळ माळराने असे दोन्ही अधिवास या भूमीने पाहिले आहेत.

हे प्राणी नाहीसे का झाले? अमेरिका व ऑस्ट्रेलियात महाकाय प्राण्यांचा लोप व्यापक प्रमाणावर झाला. भारतीय उपखंडात तो तुलनेने मर्यादित राहिला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून दिसते. नामदिकस, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक रानघोडा गेले. आशियाई हत्ती, गेंडा, गवा टिकले. येथील प्राणी मानवासह दीर्घकाळ उत्क्रांत झाल्याने त्याच्यापासून बचाव करण्यास शिकले असावेत, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले आहे. प्रस्तुत लेखकास ते हवामानबदलाच्या एकेरी कारणापेक्षा अधिक पटण्याजोगे वाटते.

परंतु गोदावरीकाठी या स्पष्टीकरणाची कसोटी घेणे सोपे नाही. नाशिकजवळ गंगापूर परिसरात सांकलियांना हातकुऱ्हाडी मिळाल्या, म्हणून मानवाने येथे हत्ती मारले, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुरामुळे जुन्या थरातील वस्तू नव्या थरात जातात. हाड व हत्यार शेजारी मिळणे म्हणजे ती समकालीन असणे नव्हे. शिवाय उष्ण प्रदेशातील हाडांत कोलॅजेन क्वचितच टिकते, त्यामुळे रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचे थेट वय काढणे बहुधा शक्य होत नाही. वय ठरते ते थरांवरून. म्हणूनच एखाद्या शेतकऱ्यास विहिरीच्या खोदकामात हत्तीची दाढ सापडली, तर ती उचलण्यापूर्वी तिची खोली, वरखालचे थर आणि नेमके ठिकाण नोंदवून घेणे आवश्यक ठरते. महाविद्यालयातील भूगोल किंवा भूशास्त्र विभागास हे मोजपट्टी व छायाचित्रक यांच्या साहाय्याने एका दुपारी करता येते.