गुडघेदुखी आणि चिनी सुया

दोन हंगाम माझा उजवा गुडघा उसाची मोळी उचलू देईना. बांधीतून धुऱ्यावर चढणेही जड. शेवटी पोराने नागपूरला सुयांच्या उपचाराला नेले. सुया केसासारख्या बारीक. टोचताना मुंगी चावल्यागत वाटते, मग पाय भरून येतो. मी विचारले, "यात औषध कुठी हाय जी?" डॉक्टर हसले. औषध नसतेच.

विद्या चीनची, पण नाते आपले. 1938 साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टर पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणीस 1942 साली तिकडेच वारले. त्यांचे सोबती डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या शिकून 1959 पासून कलकत्त्यात उपचार सुरू केले.

आठ खेपांत माझे दुखणे निम्मे झाले. गुडघ्याची झीज मात्र तशीच आहे, ती सुयांनी भरत नाही.

आणि इथेच मी माती खाल्ली. बरे वाटू लागले म्हणून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या, कोणालाही न सांगता. त्याच तोडणीत उसाचे खुंट डाव्या पायाला लागले. पाय बधिर, कळलेच नाही. जखम चिघळली, करंगळी कापावी लागली. दोष सुयांचा नाही, माझा.

मधुमेह असेल तर टोचण्याआधी सांगावे. सुया दरवेळी नव्या, पाकीट आपल्यासमोर फोडलेल्या असाव्यात. महाराष्ट्रात या उपचारासाठी 2015 चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारायला लाजू नये.

मी अजून सुया घेतो, गोळ्याही घेतो. वावरात आता बूट घालून जातो. नातू म्हणतो, "आबा फौजदार झाले."